टोप्या शिवणारा राजपुत्र

फॅशनच्या दुनियेवरल्या सिनेमात गरीब मुलीला उंची पोशाख मिळतो, मग राजपुत्र भाळतो. आमच्या खुलताबादेत निजलेल्या राजपुत्राला पोशाख लागलाच नाही. १६५३ च्या सुमारास बुऱ्हाणपूरजवळ झैनाबादच्या बागेत मावशीच्या पदरच्या हिराबाईनं उडी मारून आंबा तोडला, नि पस्तिशीचा औरंगजेब घायाळ झाला, असं ‘मआसिर-उल-उमरा’ सांगतो. तिनं मद्याचा पेला पुढं केला. विनवण्या करून थकल्यावर त्यानं तो ओठांशी नेला, तसा तिनंच हिसकावला. परीक्षा प्रेमाची होती! कवी म्हणून मला ही खट्याळ हिराबाई फार आवडते. ती लवकरच वारली, दफन औरंगाबादेत.

पुढं बादशहानं टोप्या शिवल्या. त्यातल्या कमाईचे चार रुपये दोन आणे त्यानं कफनासाठी राखले, असं सांगतात. १७०७ ची ती कबर मातीचीच. संगमरवरी जाळी फार नंतरची.