'भारत'चं 'एचकेकेजेआर' का होतं?

जुनी मराठी फाईल नव्या कॉम्प्युटरवर उघडली, की कधी कधी 'भारत'च्या जागी एच-के-के-जे-आर अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. व्हायरस लागला म्हणून लोक घाबरतात. मी कचेरीत मराठी टायपिंग करतो, म्हणून शेजारीपाजारी असल्या फायली माझ्याकडे आणतात. पण मित्रहो, हा व्हायरस नव्हे, हा इतिहास आहे.

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. विंडोजमध्ये मात्र ही सोय यायला २००० साल उजाडलं. छापखान्यांना तोवर थांबून चालणार नव्हतं. मग 'कृतिदेव'सारख्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवले. त्यातही प्रत्येकाची मांडणी वेगळी! फॉन्ट नसला, की आतलं इंग्रजी उघडं पडतं.

तेव्हा फाईल पुसू नका. फॉन्टचं नाव शोधा, तो बसवा, मजकूर परत दिसेल. मग कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणा. ऱ्हस्व वेलांटी नीट तपासा. कृतिदेवात ती व्यंजनाआधी टाइप होते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते. मूळ फाईलही जपून ठेवा.

देवळाची स्मरणिका, जत्रेतल्या नाटकाची संहिता अशा फायलींत अडकली असेल, तर हे काम आत्ताच करा. ज्याने ती टाइप केली, त्याला फॉन्टचं नाव आठवतंय तोवर.