शरदातली पुस्तकं, केंद्र झरी

सप्टेंबर उजाडला की इंग्रजी पुस्तकवाल्यांना याद्यांचा ताप चढतो. 'पानगळीत वाचायची दहा पुस्तकं', 'ब्लँकेटखाली घेऊन बसायच्या भुताच्या गोष्टी', 'गरम सूप आणि थंड डोक्याने केलेले खून' वगैरे वगैरे. मला या याद्या मनापासून आवडतात. पुस्तकांचे गट पाडायचे ते विषयानुसार किंवा लेखकानुसार नाही, तर मूडनुसार, काहीतरी गमतीशीर निमित्त काढून. पण मग खिडकीबाहेर बघितलं की सगळा मामला फिसकटतो. इथे कसली पानगळ? ऑक्टोबर हीटने अंगाची लाही होत असते. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात. आपला शरद म्हणजे धुतलेलं आकाश, कोजागिरी, चिवड्यासाठी भाजलेले पोहे आणि दिवाळी अंक.

तर मंडळी, म्हटलं आपणही एक यादी करू. पण गट पाडायला काहीतरी अट हवी. मी नकाशा उघडला, कंपासचं टोक परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीवर ठेवलं आणि साधारण साठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. या वर्तुळात जी माणसं जन्मली किंवा राबली त्यांचीच पुस्तकं यादीत, बाकी सगळे बाद. झरीच का? कारण पुस्तकं शोधायला तिथे कुणी जाणार नाही म्हणून. परभणी तालुक्यातलं गाव, काळी जमीन, आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे सगळ्यांना पाठ असतं, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हेही. त्यापलीकडे पुण्यामुंबईच्या वाचकाला या भागाबद्दल फारसं काही सांगता येत नाही.

जिल्ह्याचा फिल्टर का नाही लावला, असं कुणी विचारेल. लावून पाहिला, निम्मे लेखक गळतात! १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा परभणीचा परतूर तालुका तिकडे गेला. १९९९ साली हिंगोली वेगळा झाला, त्यात वसमत, औंढा, नरसी गेले. लेखक आपापल्या जागी होते, पत्ते बदलले. कंपास त्या मानाने इमानदार.

पण यादी करायला बसलो आणि एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. शरदात वाचायचं ही कल्पना मुळात कुणाची?

दिवाळी अंकाची जन्मकथा आपल्याला शाळेपासून माहीत असते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. (मूळ आडनाव आजगावकर, बंगालीच्या प्रेमापोटी 'मित्र' झाले.) इंग्रजी मासिकांचे नाताळ विशेषांक डोळ्यांसमोर होते, आणि कल्पना अशी काही चालली की शंभर वर्षं उलटली तरी थांबलेली नाही. पण हा अंक कुणासाठी होता ते बघा. दिवाळीला ज्याला सुट्टी असते, हातात पगार असतो आणि घरी टपाल येतं, त्याच्यासाठी. म्हणजे नोकरदारासाठी. तुमच्याआमच्यासाठी.

झरीसारख्या गावात अश्विन-कार्तिक म्हणजे मरणाचं काम. खरीप काढायचं, कापूस वेचायचा, ओल आहे तोवर रब्बीची ज्वारी पेरायची. पुस्तक हातात घेऊन बसायला सवड कुणाला? मराठवाड्यातल्या खेड्यांचा वाचनाचा हंगाम त्याच्या आधीचा, चातुर्मासाचा. पाऊस पडतोय, शेतात पाय घालता येत नाही, मग देवळात किंवा कुणाच्या तरी ओसरीवर पोथी लागते. 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३), 'पांडवप्रताप' (१७१२). तिन्ही श्रीधर कवींचे. एक जण वाचणार, एक जण अर्थ सांगणार, पन्नास जण ऐकणार. बँडविड्थच्या दृष्टीने हे मॉडेल जबरदस्त आहे, एका साक्षर माणसावर अख्खं गाव चालतं. आणि चालवावंच लागत होतं. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातल्या दहा माणसांनाही लिहितावाचता येत नव्हतं.

म्हणजे शहरी वाचक जेव्हा फराळाची ताटली आणि अंक घेऊन बसतो, नेमकं तेव्हा खेड्यातलं वाचन संपलेलं असतं. हे डोक्यात ठेवून माझे गट बघा.

पहिला गट 'ज्यांनी स्वतः पुस्तक काढलं नाही त्यांची पुस्तकं'. वर्तुळाच्या दक्षिण टोकाला गोदाकाठी गंगाखेड, जनाबाईचं गाव. पोर वयात पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि दळण, कांडण, शेण-गोठा करत राहिली. तिचे अभंग टिकले ते नामदेवांच्या गाथेच्या सोबतीने. वेगळं खातं नाही, मोठ्या भावाच्या लॉगिनवर चाललंय असं समजा. नामदेव वर्तुळाच्या उत्तर टोकाचे, परंपरेने नरसीचे, म्हणजे आताच्या हिंगोली जिल्ह्यातले. त्यांच्या शब्दांचा प्रवास तर आणखी अचाट. १६०४ साली पंजाबात आदिग्रंथ सिद्ध झाला, आणि आज गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, गुरुमुखी लिपीत. श्रीधरांच्या पोथ्या लिहिल्या जाण्याच्या शंभर वर्षं आधी नरसीच्या शिंप्याचे शब्द पंजाबात ग्रंथात बसले होते!

जनाबाईचा अभंग डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. दळणाच्या लयीत म्हटला तरच कळतो. जात्यावर बायकांनी रचलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. वाचता न येणाऱ्या बायकांनी रचलेलं हे साहित्य आपण 'लोकसाहित्य' असा शिक्का मारून वेगळ्या फडताळात ठेवतो. असो.

दुसरा गट माझा सगळ्यात लाडका, 'ऑफिस सुटल्यावर'. यात एकच माणूस आहे, बी. रघुनाथ. पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३, सातोना. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आता जालन्यात. शिक्षण हैदराबादेत, नोकरी निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनाची. आयुष्याचा मोठा भाग परभणीत गेला आणि १९५३ च्या सप्टेंबरमध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीत काम करता करताच गेले.

ही नोकरी म्हणजे काय ते समजून घ्यायला निजामी राज्याची भाषा समजून घ्यावी लागते. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतून डॉक्टरकी-इंजिनिअरिंग शिकवण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण राज्यातल्या बहुसंख्य लोकांची भाषा होती तेलुगू, त्यानंतर मराठी आणि कन्नड. त्यांच्यासाठी शाळा, कचेरी, कोर्ट सगळं परक्या लिपीत. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा. त्यासाठीचा 'गश्ती निशाण त्रेपन्न' नावाचा हुकूम जुन्या लोकांच्या आठवणींत हटकून येतो. अशा राज्यात मराठी वाचनालय चालवणं, नाटक बसवणं, गणेशोत्सवात व्याख्यान ठेवणं ही नुसती हौस राहत नाही, त्याला आपोआप राजकारणाचा रंग चढतो.

बी. रघुनाथ दिवसभर या यंत्रणेत खर्डेघाशी करायचे आणि उरलेल्या वेळात मराठी लिहायचे. आणि किती लिहावं! कविता, कथा, सात कादंबऱ्या. 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल', 'आकाश', 'काळी राधा' हे कथासंग्रह. 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळलें पाहिजे', 'आडगांवचे चौधरी' या कादंबऱ्या, आणि एकीचं नाव तर नुसतं 'ओ'. (सर्चइंजिनवर शोधून दाखवा!) नावंच बघा. 'साकी' सरळ फारसीतून आलेला, शेजारी 'काळी राधा'. दिवसाची भाषा आणि रात्रीची भाषा एकमेकींत मुरलेल्या आहेत. पुण्याच्या मराठीत हा वास येत नाही.

माझं मत विचाराल तर आधी कथा वाचा, कादंबऱ्या मागाहून. निजामी राजवटीतला पांढरपेशा माणूस, त्याची घुसमट, पडकी वैभवं, लाचारी, हे सगळं तिथे आवाज न चढवता येतं. राजकीय इतिहास हवा असेल तर अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' सोबत ठेवा. वर्तुळाबाहेरचा पाहुणा म्हणून त्यांना प्रवेश. त्यात मोर्चे, तुरुंग, रझाकार, १७ सप्टेंबर १९४८ सगळं आहे. पण त्या सगळ्या काळात रोज सकाळी डबा घेऊन कचेरीत जाणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं, ते बी. रघुनाथांकडे सापडतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांच्या वाट्याला पुरती पाच वर्षंही आली नाहीत. परभणी महाराष्ट्रात (१९६०) तर सोडाच, द्विभाषिक मुंबई राज्यात (१९५६) गेलेलीही त्यांनी पाहिली नाही.

अनंतरावांचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. ते औरंगाबादच्या 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक. त्या दैनिकाच्या १९६९ च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा छापून आली आणि पुढे ती वर्षानुवर्षं उद्धृत होत राहिली. फराळाचा अंक फक्त नोकरदाराच्या करमणुकीचा, हे माझं वरचं विधान तिथे जरा अडखळतं. काय करणार, चांगल्या अंकांना ही खोडच असते.

तिसरा गट 'सुगीची पुस्तकं'. चातुर्मास संपल्यावर ज्या लोकांचं वाचन थांबतं त्यांच्याविषयीची, आणि आता त्यांच्याच घरात शिकलेल्या मुलांनी लिहिलेली. इंद्रजित भालेराव वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे, आयुष्य परभणीत प्राध्यापकी करण्यात गेलं. 'पीकपाणी' (१९८९) हा त्यांचा कवितासंग्रह आधी घ्या, मग 'कुळंबिणीची कहाणी'. सेलू तालुक्यातले आसाराम लोमटे, परभणीतले पत्रकार. त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोमट्यांची कथा लांबलचक असते, दोन स्टेशनांच्या मध्ये संपत नाही. गावातलं राजकारण, जात, कर्ज, पाणी हे सगळं त्यात इतकं गुंतलेलं आहे की सुटं करून सांगता येत नाही. 'गावाकडची निवांत गोष्ट' या अपेक्षेने उघडू नका एवढंच.

शेवटचा गट 'जागरणाची पुस्तकं'. कोजागिरीला लक्ष्मी 'कोण जागं आहे?' असं विचारत फिरते म्हणतात. या वर्तुळातून तिला उत्तर देणारा एक माणूस पक्का आहे. नरहर कुरुंदकर, जन्म १९३२, गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा. पुस्तकांची नावं 'जागर' आणि 'शिवरात्र'. एका लेखकाच्या दोन पुस्तकांच्या नावांत इतकं जागरण दुसरीकडे मला तरी आढळलेलं नाही. इंटरला एकापेक्षा अधिक वेळा नापास झालेला हा माणूस पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला आणि १९८२ साली औरंगाबादेत व्यासपीठावरच गेला. धर्मनिरपेक्षता, लोकशाही, गांधी, हिंदू-मुस्लिम प्रश्न यांवर ते लिहितात तेव्हा ते ग्रंथालयात बसून बोलत नाहीत. निजामी राज्यात वाढलेल्या मुलाने जे बघितलं त्याचा हिशेब मांडत असतात. कुठल्याच बाजूच्या वाचकाला ते पूर्ण सुखाने झोपू देत नाहीत. त्यांची काही मतं मला पटत नाहीत, पण ती खोडायला बसलं की तास जातो आणि हाती फार काही लागत नाही.

कुरुंदकर विकत घ्यायची गरजही नाही बहुधा. घरच्या कपाटात रणजित देसाईंचं 'श्रीमान योगी' असेलच, आईबाबांना कुणीतरी भेट दिलेलं. कादंबरी सगळ्यांनी वाचलेली असते, सुरुवातीची लांबलचक प्रस्तावना सगळ्यांनी ओलांडलेली असते. ती प्रस्तावना कुरुंदकरांची आहे. यंदा कोजागिरीला तेवढीच वाचा, नाहीतरी दूध आटायला वेळ लागतोच.