जनमत चाचण्या, अमेरिकेतील राज्य निवडणुकांच्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटक राज्यांच्या पातळीवरील निवडणुकांपूर्वी नमुना पाहणीच्या आधारे मतदारांचा कल व त्यांची मतदानाची इच्छा अजमावण्याची पद्धती. गव्हर्नर व सेनेट-सदस्य यांच्या निवडणुका राज्यनिहाय होतातच; शिवाय राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही बहुतेक राज्यांत निर्वाचक मंडळाची सर्व मते त्या राज्यात सर्वाधिक मते मिळविणाऱ्या उमेदवाराच्या पदरात पडत असल्यामुळे, राज्य हेच मोजणीचे खरे एकक ठरते. अशा चाचणीत दोन भिन्न गोष्टी मोजाव्या लागतात : मतदाराचा पाठिंबा कोणाला आहे, ही एक आणि तो प्रत्यक्ष मतदानास जाईल किंवा नाही, ही दुसरी. पहिली तुलनेने स्थिर, तर दुसरी चंचल असते. या दोहोंतील गल्लत हे चाचण्यांच्या अनेक गाजलेल्या अपयशांचे एक प्रमुख कारण होय.

प्रारंभ : १८२४ मध्ये डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे घेतलेला मतदारांचा अनौपचारिक कौल एका वृत्तपत्राने प्रसिद्ध केला. त्यात अँड्रू जॅक्सन यांना ३३५, तर जॉन क्विन्सी ॲडम्स यांना १६९ मते पडली होती. पुढे शतकभर असेच कौल घेतले जात. १९३६ मध्ये लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन पक्षाचे आल्फ्रेड लँडन विजयी होतील, असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात लँडन यांना मेन व व्हर्माँट ही दोनच राज्ये मिळाली. दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्या सधन वर्गाच्या याद्या वापरल्या, हे या चुकीचे कारण सर्वश्रुत आहे. परंतु रूझवेल्ट यांच्या विरोधकांनी मतपत्रिका अधिक तत्परतेने परत धाडल्या, हेही तितकेच महत्त्वाचे कारण असल्याचे उत्तरकालीन संशोधनात आढळून आले. म्हणजे उत्साहाचे मोजमाप पाठिंबा म्हणून गणले गेले.

जॉर्ज गॅलप यांच्या शास्त्रीय पाहणीचा उगमही राज्य निवडणुकीतच सांगितला जातो. १९३२ मध्ये त्यांच्या सासूबाई ओला बॅबकॉक मिलर या आयोवा राज्याच्या सचिवपदासाठी उभ्या राहिल्या व निवडून आल्या. त्या वेळी गॅलप यांनी मतदारांचा कल अजमावून पाहिला होता. १९३५ मध्ये त्यांनी आपली संस्था स्थापन केली. त्यानंतर टेक्सस (१९४०), आयोवा (१९४३), मिनेसोटा (१९४४) व कॅलिफोर्निया (१९४७) येथे राज्यापुरत्या नियमित चाचण्या सुरू झाल्या.

संभाव्य मतदार : १९४८ मध्ये ट्रूमन यांच्या विजयाने सर्व प्रमुख चाचण्या खोट्या ठरल्या. नमुनानिवडीतील दोषांबरोबरच, मतदानाच्या बऱ्याच आधी पाहणी थांबविणे हे त्याचे कारण ठरले. यानंतर गॅलप संस्थेतील पॉल पेरी यांनी संभाव्य मतदार ओळखण्याची प्रश्नमालिका तयार केली. निवडणुकीविषयी किती विचार केला आहे, मतदान केंद्र कोठे आहे हे माहीत आहे काय, पूर्वी कितीदा मतदान केले, या प्रश्नांच्या उत्तरांना गुण देऊन वरच्या श्रेणीतील मतदारांचाच कौल हिशेबात धरला जाई. मात्र प्रचाराच्या चढउतारांबरोबर हे गुणही बदलतात. २००० सालच्या गॅलप चाचण्यांच्या विश्लेषणात दिसून आले की, मतांतर म्हणून जाहीर झालेल्या बदलांपैकी बराचसा भाग मते पालटल्यामुळे नव्हे, तर ‘संभाव्य’ या वर्गात गणली जाणारी माणसे बदलल्यामुळे निर्माण झाला होता.

काही उदाहरणे : १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी लॉस अँजेल्सचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली चाचण्यांत आघाडीवर होते. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीवरून त्यांचा विजयही घोषित झाला. तथापि जॉर्ज ड्यूकमेजियन सुमारे ९३,००० मतांनी निवडून आले. वर्णभेदामुळे गोऱ्या मतदारांनी खरे मत लपविले, असा निष्कर्ष तेव्हा रूढ झाला. परंतु मतदान केंद्रांवर पडलेल्या मतांत ब्रॅडली पुढे होते. रिपब्लिकन पक्षाने संघटितपणे मिळविलेल्या टपाली मतांनी पारडे फिरले. बंदुकांवरील नियंत्रणाचा प्रस्तावही त्याच दिवशी मतास टाकलेला असल्यामुळे त्याचे विरोधक मोठ्या संख्येने मतदानास आले होते.

१९९८ मध्ये मिनेसोटात याच्या उलट घडले. माजी कुस्तीगीर जेसी व्हेंच्युरा चाचण्यांत तिसऱ्या क्रमांकावर होते. त्या राज्यात मतदानाच्या दिवशीच नावनोंदणीची सोय असल्यामुळे पूर्वी मतदान न करणारे अनेक तरुण ऐन वेळी केंद्रांवर आले आणि व्हेंच्युरा सुमारे ३७ टक्के मतांनी विजयी झाले. पूर्वानुभवावर आधारलेल्या प्रश्नमालिकेत अशा मतदारांना स्थान मिळणे अवघड होते.

अलीकडील स्थिती : प्यू संशोधन केंद्राच्या दूरध्वनी पाहण्यांतील प्रतिसाद १९९७ मधील ३६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर उतरला. त्यामुळे उत्तर देण्याच्या उत्साहाचा प्रश्न १९३६ प्रमाणेच पुन्हा उभा राहिला. २०१२ मधील पहिल्या अध्यक्षीय वादसभेनंतर ओबामा यांचा पाठिंबा घसरल्याचे दिसले. पण त्यांचे समर्थक काही दिवस पाहणीस उत्तर देण्यास नाखूश होते, हेच त्या घसरणीचे मुख्य कारण असल्याचे अभ्यासान्ती आढळले.

अशा चुकांचे परिणाम केवळ अंदाजापुरते राहत नाहीत. प्रचाराचा पैसा, कार्यकर्ते व उमेदवारांचा वेळ यांची वाटणी चाचण्यांवरून होते. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनमधील एका प्रतिष्ठित चाचणीने अखेरीस हिलरी क्लिंटन यांना ६ टक्क्यांची आघाडी दाखविली होती. मुख्य प्रचारकाळात त्या या राज्यात एकदाही गेल्या नाहीत. डॉनल्ड ट्रंप यांनी ते राज्य २३,००० हून कमी मतांनी जिंकले. उच्चशिक्षित मतदार पाहणीस अधिक उत्तर देतात, याची दुरुस्ती अनेक राज्य चाचण्यांनी केली नव्हती, असे चाचणी-तज्ञांच्या संघटनेच्या चौकशी समितीने नमूद केले. ही दुरुस्ती बहुतेकांनी स्वीकारल्यानंतरही २०२० मध्ये त्याच दिशेची चूक राहिली. २०२४ मध्ये तर आजवर विश्वासार्ह मानल्या गेलेल्या आयोवा चाचणीने कमला हॅरिस यांना ३ टक्क्यांनी पुढे दाखविले. ट्रंप तेथे सुमारे १३ टक्क्यांनी विजयी झाले.

यावरून चाचण्या निरुपयोगी ठरत नाहीत. कोणत्या प्रश्नांवर लोकांचा कल कसा आहे, हे जाणण्याचे त्यांच्याइतके व्यवस्थित साधन दुसरे नाही. मात्र आठवड्यागणिक दिसणारी भरती-ओहोटी म्हणजे मतपरिवर्तनच, असे मानणे चुकीचे होय. कोणाची मते बदलली याआधी, उत्तरे कोणी दिली व मतदानास कोण जाणार, हे तपासणे अगत्याचे ठरते.