तबकडीत राहिलेले आवाज

जुन्या रेकॉर्डचा विषय निघाला की लोक लगेच 'गेले ते दिवस' म्हणून उसासा टाकतात. मला त्या उशाशांचा आताशा कंटाळा येतो. तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. शिलालेख, ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार ही इतिहासाची साधनं, असं मुलांकडून घोकून घेतलं. त्या यादीत ग्रामोफोनची तबकडी कधीच नव्हती. पण माझ्या मते तीही तितकंच अस्सल साधन आहे, आणि ती जे सांगते ते आपल्या समाजाबद्दल फारसं सुखाचं नाही. आज त्याविषयीच लिहायचं आहे.

माझ्याकडे लाखेच्या, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या, चारशेच्या आसपास तबकड्या आहेत. एल.पी. दीडशे असतील. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, मुंबईच्या चोरबाजारात आणि नातेवाइकांच्या माळ्यांवर उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून जमवलेला हा संसार. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला 'सवत' हे नाव केव्हाच देऊन टाकलं आहे. असो.

सुरुवात मात्र बाजारातून झाली नाही. ती आत्याच्या ट्रंकेतून झाली. घरातल्या थोरांना हे ठाऊक आहे, धाकट्यांसाठी सांगतो. आमच्या आजोबांकडे चावीचा फोनो होता आणि बालगंधर्वांच्या रेकॉर्डची चळत होती. दर रविवारी ओसरीवर ती वाजे. पण 'गाणाऱ्या बाई'ची रेकॉर्ड घरात आणायची नाही, असा त्यांचा दंडक होता. पुरुषानं बाईच्या भूमिकेत गायलेलं चालत होतं, बाईनं बाई म्हणून गायलेलं चालत नव्हतं! आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिनं कुणाकडून तरी केसरबाई केरकरांची एक तबकडी मिळवली होती आणि ती लुगड्यांच्या घडीत लपवून ठेवली होती. आजोबा गावाला गेले की दार लावून ती लावायची. आत्या गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा ती माझ्या वाट्याला आली. माझ्या संग्रहातली ती पहिली.

आता थोडं मागे जाऊ. एडिसननं फोनोग्राफ काढला १८७७ साली. तो नळकांड्यावर आवाज धरायचा. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनर यानं चपटी तबकडी आणली. नळकांड्यांपेक्षा तबकडीच्या प्रती छापणं फार सोपं. एका साच्यावरून हजारो निघत. म्हणूनच गाणं ही विकत मिळणारी वस्तू झाली.

१९०२ च्या अखेरीस लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग हा तंत्रज्ञ यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्याला उतरला. हिंदुस्थानातलं कोणतं गाणं विकलं जाईल हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या नोव्हेंबरात त्यानं जे आवाज टिपले, त्यांतला सर्वांत गाजलेला आवाज गौहरजान यांचा. आझमगढला १८७३ मध्ये जन्मलेली ही बाई, मूळ नाव अँजेलिना, तेव्हा कलकत्त्याची सर्वांत नावाजलेली गायिका होती.

ते ध्वनिमुद्रण कसं होई, तेही ऐकण्यासारखं आहे. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा पुढे आलेला असे, त्यात तोंड घालून जवळजवळ ओरडून गायचं. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. आवाजाच्या दाबानं सुई हलायची आणि मेणावर रेघ कोरली जायची. ती मेणाची चकती बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तिथं तिचा साचा होई, प्रती छापल्या जात, आणि मग त्या हिंदुस्थानात विकायला परत येत. १९०२ ला गायलेलं गाणं बाजारात यायला १९०३ उजाडलं.

हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या माणसांना हिंदुस्थानी भाषा कुठून कळणार? कोणत्या चकतीवर कोण गातंय हे त्यांना समजावं म्हणून गाणं संपताच गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, अशी पद्धत पडली. गौहरजान आपलं नाव इंग्रजीत सांगत, तेही मोठ्या ठसक्यात. सारी सोय लेबल लिहिणाऱ्या कारकुनासाठी! पण ऐकताना अंगावर काटा येतो. ज्या काळात भल्या घरची बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेत नव्हती आणि स्वतःचंही फारसं घेत नव्हती, त्या काळात एक बाई साऱ्या जगाला स्वतःचं नाव सांगते आहे.

आता मुद्द्याकडे येतो. त्या कर्ण्यासमोर आधी कोण उभं राहिलं? पुरुष गवयीही होते, पण ठळकपणे पुढे आल्या त्या गाणाऱ्या बाया. कलकत्त्याच्या गौहरजान, आग्र्याच्या जोहराबाई, अलाहाबादच्या जानकीबाई. ज्यांना समाज तवायफ, नायकीण, कलावंतीण म्हणून दाराबाहेर ठेवत होता, त्या. त्यांना गमावण्यासारखी प्रतिष्ठा समाजानं ठेवलीच नव्हती, आणि नवं यंत्र पाहून बिचकण्याचा स्वभावही नव्हता. खाँसाहेब आणि बुवा मंडळींतले बरेच जण मात्र लांब राहिले. कारणं निरनिराळी सांगतात. कुणाला वाटे विद्या चोरली जाईल, कुणाला वाटे पानपट्टीच्या दुकानात आपला राग वाजणं हा अपमान आहे. तासाभराचा राग तीन मिनिटांत कसा मांडायचा, हीही अडचण होतीच. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत.

याचा परिणाम काय झाला? भास्करबुवा बखल्यांचं उदाहरण घ्या. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढणारे, 'स्वयंवर' नाटकाच्या चाली देणारे, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांचे गुरू. १९२२ मध्ये ते गेले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई, जयपूर घराण्याचे प्रवर्तक. १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे ध्वनिमुद्रणाची कला चांगली वयात आली होती. तरी त्यांचा आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांच्याविषयी लिहिलेलं वाचायचं आणि शिष्यांच्या गळ्यातून अंदाज बांधायचा, एवढंच आपल्या हाती.

इतिहासाच्या वर्गात मी सांगत असे, की ज्याचा दप्तरखाना शाबूत त्याचा इतिहास शाबूत. राजेरजवाड्यांची दप्तरं राहिली, कुळांची राहिली नाहीत. गाण्याच्या इतिहासात नेमकं उलटं घडलं. ज्यांना दरबारात मान होता त्यांतले कितीक मुके झाले, आणि ज्यांना ओसरीवर बसायलाही जागा नव्हती त्या बोलत राहिल्या. एकशे वीस वर्षांपूर्वीचं गाणं कसं होतं, याचा पुरावा हवा असेल तर आपल्याला या बायांच्याच दारात जावं लागतं. आमच्या आजोबांना हे सांगायला मला फार आवडलं असतं.

पुढे हे चित्र बदललं. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला रेकॉर्डचा कारखाना निघाला, त्यामुळे जर्मनीची वारी थांबली आणि नाव सांगण्याची पद्धतही हळूहळू गेली. १९२५ नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, ओरडायची गरज उरली नाही. हळुवार आवाजाला तबकडीत जागा मिळाली. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या शेवटच्या वर्षांतल्या रेकॉर्ड ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. तीन मिनिटं ही अडचण न मानता त्यांनी त्यातच राग उभा केला. त्यांची झिंझोटीतली ठुमरी दुकानात ऐकून भीमसेन नावाच्या पोरानं गाणं शिकायला घर सोडलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. भीमसेनजी ती स्वतः सांगत. ज्या गुरूला समोर पाहिलं नाही त्याचं गाणं तबकडीतून मनात शिरायचं, हे त्याआधी शक्यच नव्हतं.

खाँसाहेब आमच्या मिरजेचे. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडेचरीला जाताना वाटेतल्या स्टेशनवर त्यांनी देह ठेवला, आणि मिरजेतच ते चिरविश्रांती घेत आहेत. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. त्या मुलांत सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. बाप आणि मुलं पुन्हा एका घरात नांदली नाहीत. माझ्या फळीवर मात्र तिघं शेजारी शेजारी असतात. हे मी मुद्दाम केलं आहे. तेवढंच आपल्या हातात!

या तबकड्या कशाच्या, असं मुलं विचारतात. लाखेच्या, बांगड्यांची असते तीच. पळस, बोर, कुसुम या झाडांवर एक किडा बसतो, त्याचा हा राळेसारखा स्राव. बिहार-छोटा नागपूरकडची लाख परदेशी जाई आणि तिथं तिच्यात दगडाची पूड नि काजळी मिसळून तबकड्या होत. दगडाच्या पुडीमुळे पोलादी पिन झिजे, म्हणून दर बाजूला नवी पिन. तबकडी हातातून पडली की काचेसारखे तुकडे! दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा विलायत-अमेरिकेत जुन्या रेकॉर्ड गोळा करून वितळवल्या गेल्या. कितीक आवाज असे नव्या आवाजांच्या पोटात गेले असतील. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाईलची एल.पी. आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, आणि आपल्याकडेही काही वर्षांनी लाख मागे पडली.

ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा महापूर तुम्हाला आठवत असेल. आमच्याही घरात पाणी आलं. वरच्या फळ्या वाचल्या, सगळ्यात खालची बुडाली, आणि जड म्हणून सर्वांत जुन्या तबकड्या तिथंच ठेवलेल्या. पाणी ओसरल्यावर चाळीसेक तबकड्या चिखलातून काढल्या. कोमट पाणी, मऊ फडकं, आणि सावलीत वाळवणं. (लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते.) लाख पाण्याला बधत नाही, त्यामुळे आवाज बहुतेकांचा शाबूत होता. पण कागदी लेबलं गेली. कुठं नुसता गेरूसारखा डाग, कुठं कुत्र्याचं शेपूट तेवढं उरलेलं. काही तबकड्यांवर कोरलेले आकडे वाचता आले, त्यावरून ओळख पटली. काहींची अजून पटलेली नाही.

एका संध्याकाळी अशीच एक बेवारशी तबकडी लावून बसलो होतो. खरखर फार होती. गाणं संपलं, मी हात पुढे केला, आणि कर्ण्यातून एक बाई म्हणाली, 'जानकीबाई, इलाहाबाद'. हॅनोव्हरच्या कुण्या कारकुनासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उच्चारलेले ते शब्द, कारकुनानं लावलेलं लेबल कृष्णेनं धुऊन नेल्यावर, सांगलीत माझ्या कामी आले. मी पुन्हा ऐकलं. सौभाग्यवतीही स्वयंपाकघरातून येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून 'सवत' म्हणणं जरा कमी झालं आहे.

आत्याची तबकडी वरच्या फळीवर होती, ती सुखरूप आहे. तिच्यावर ललत आहे. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. गुरूंचा आवाज राहिला नाही, शिष्येचा राहिला, आणि राहिला तो कुठं पाहा. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, पृथ्वीवरच्या निवडक संगीताची. त्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यातलं एक यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडून पलीकडे गेलं. जी गायिका आमच्या ओसरीवर चालत नव्हती, तिला मानवजातीनं आपली ओळख म्हणून ताऱ्यांकडे धाडली.

आता थोडं घरातल्यांसाठी. माझं वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलं आहे. या तबकड्यांचं पुढे काय, हा विषय तुम्ही माझ्यासमोर टाळता, म्हणून मीच काढतो. किंमत यावी म्हणून त्या विकू नका आणि आठवण म्हणून माळ्यावरही टाकू नका. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड संग्राहकांची एक संस्था आहे, त्यांनी अशा कितीतरी ध्वनिमुद्रिकांच्या नोंदी केल्या आहेत. अशा जाणत्या माणसांना आधी विचारा. माझी वही कपाटात आहे, त्यात प्रत्येक तबकडीचा क्रमांक लिहिला आहे. आत्याची तेवढी घरात ठेवा, आणि ओसरीवर वाजवा.

बाकी वाचकांना एवढंच सांगणं. तुमच्याही आजोळी एखादी चळत असेल. भंगारवाल्याला देण्याआधी पुसून पाहा, कुणाकडे तरी नेऊन वाजवून घ्या. आणि गाणं संपलं म्हणून पिन लगेच उचलू नका. कुणी आपलं नाव सांगत असेल.