तुडतुड्याने घडविलेली शाळा

१/ २०१७ चा खरीप. भंडारा जिल्ह्यातील अनेक धानाच्या बांध्या कापणीपूर्वीच जळाल्यासारख्या करपल्या. कारण होते तुडतुडा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान कीटक. याच किडीमुळे काही दशकांपूर्वी इंडोनेशियात शेतकरी-शिक्षणाची एक नवी पद्धत जन्मास आली होती. तिचा हा इतिहास.

२/ १९७० च्या दशकात हरितक्रांतीबरोबर इंडोनेशियात नवे भातवाण आले, खते आली आणि सरकारी अनुदानामुळे स्वस्त झालेली कीटकनाशकेही आली. मात्र फवारणी वाढत गेली, तसा तुडतुडाही वाढत गेला. असे का व्हावे?

३/ तुडतुडा अंडी घालतो पानाच्या आवरणाच्या आत. फवारा तेथवर पोहोचत नसे. मरत ते तुडतुड्यांना खाणारे कोळी व इतर मित्रकीटक. अंडी फुटून पिले बाहेर येत, तेव्हा त्यांना शत्रूच उरलेला नसे.

४/ १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने हातातले औषध जाते, मनातली भीती जात नाही. म्हणून १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतीशाळा सुरू झाल्या.

५/ या शाळेचा वर्ग बांधावर भरे. साधारण २५ शेतकरी, हंगामभर, आठवड्यातून एकदा. चूड तपासायचे, किडी आणि मित्रकीटक मोजायचे, पाहिले त्याचे चित्र काढायचे, चर्चा करायची; आणि फवारायचे की नाही, हे स्वतः ठरवायचे.

६/ १९९० च्या दशकात ही पद्धत भारतात रुजली. महाराष्ट्रात कृषी विभाग आजही शेतीशाळा घेतो. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावांच्या धानपट्ट्यात तिचे धडे थेट उपयोगी पडतात: रोवणी दाट नको, दर काही ओळींनंतर मोकळा पट्टा ठेवावा, नत्र बेताने द्यावे.

७/ येथेच हिशेबही शिकता येतो. चुडात साधारण ५ ते १० तुडतुडे आढळल्याशिवाय फवारणीचा खर्च भरून निघत नाही. एक-दोन एकरांच्या धनी असलेल्या शेतकऱ्यासाठी टळलेली प्रत्येक फवारणी म्हणजे वाचलेले औषध आणि वाचलेली मजुरी.

८/ प्रश्न केवळ पैशांचा नव्हता. त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा हे विषय त्यानंतर जीवन-मरणाचे ठरले.

९/ या शाळेच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. २००४ मध्ये जागतिक बँकेच्या अभ्यासकांना इंडोनेशियात आढळले की, शाळेत शिकलेल्यांचे ज्ञान शेजाऱ्यांपर्यंत फारसे पोहोचत नाही. निरीक्षणाची सवय ऐकून लागत नाही. त्यासाठी स्वतः चिखलात उतरावे लागते.

१०/ म्हणूनच फवारणी बहुधा ज्यांच्या हातून होते, ते शेतमजूर आणि रोवणी करणाऱ्या स्त्रिया या वर्गात बसतात की नाही, यावर या शाळेचे यश मोजावे लागेल.