शिरपाव आणि चंदेरीचे सूत

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जयिनी सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी टाकलेली छावणी पुढे कधी उठलीच नाही. तिचेच 'लष्कर' नावाचे शहर झाले, आणि त्या शहराच्या दरबारात माणसाचे घराणे व हुद्दा, त्याने मुजरा करण्यापूर्वीच, त्याच्या मस्तकावरचे वस्त्र सांगू लागले. टोकदार शिंदेशाही पगडी पाहिली की हा मनुष्य होळकरांचा नव्हे की गायकवाडांचाही नव्हे, हे निराळे विचारावे लागत नसे. दरबार मान म्हणून जी वस्त्रे देई, त्यांच्या नावातही मस्तक आहेच: फारसी 'सर-ओ-पा' म्हणजे मस्तकापासून पावलापर्यंत; आपल्या दफ्तरांत त्याचा 'शिरपाव' झाला, आणि तो इतका सहज की पुष्कळांना तो अस्सल संस्कृतोद्भवच वाटावा!

या मानवस्त्रांची एक खाण म्हणजे संस्थानातलेच चंदेरी. तेथील कोष्टी मराठा दरबारांसाठी पागोटी व लुगडी विणीत, तीही प्रथम निव्वळ सुताची. गिरणीच्या स्वस्त धाग्याने हा हुन्नर खचू लागला, तेव्हा १९१० च्या सुमारास शिंदे सरकारने तेथे विणकामाचे शिक्षणकेंद्र काढले. पुढे ताण्यात रेशीम आले. त्या रेशमाचा नैसर्गिक डिंक काढीत नाहीत, म्हणूनच चंदेरी पारदर्शक असूनही किंचित कडक राहते. ग्वाल्हेरात मात्र १९२१ साली जियाजीराव कॉटन मिलचा भोंगा वाजू लागला होता.