कॉग
कॉग : होंडा या जपानी मोटारकंपनीसाठी ब्रिटनमध्ये तयार करण्यात आलेला दोन मिनिटांचा दूरचित्रवाणी-जाहिरातपट (२००३). ‘कॉग’ म्हणजे दंतचक्राचा दाता. अकॉर्ड या मोटारीचे सुटे भाग एकामागून एक परस्परांना धक्का देत जातात आणि अखेरीस एक पूर्ण मोटार उतरणीवरून खाली येऊन उभी राहते, एवढाच त्याचा विषय. चलच्चित्रात संगणकनिर्मित प्रतिमांचा सुळसुळाट झाला असताना, प्रत्यक्ष वस्तूंच्या प्रत्यक्ष हालचाली टिपून साधलेल्या चमत्कृतीचे हे लक्षणीय उदाहरण होय.

वायडन अँड केनेडी या जाहिरातसंस्थेच्या लंडन शाखेने हा जाहिरातपट तयार केला. दिग्दर्शन आंत्वान बार्दू-झाके या फ्रेंच दिग्दर्शकाचे असून चित्रीकरण पॅरिस येथे झाले. उत्पादनापूर्वी हातांनी जुळवलेल्या मोजक्या अकॉर्ड मोटारींपैकी दोन त्यासाठी वापरल्या. त्यांतील एक संपूर्ण सुटी करण्यात आली. पूर्वतयारीस काही महिने लागले. खर्च सुमारे दहा लाख पौंड झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. ६ एप्रिल २००३ रोजी ब्राझील ग्रां प्री या मोटारशर्यतीच्या प्रक्षेपणात तो प्रथम दाखविण्यात आला.

यातील बहुतेक क्रिया साध्या यामिकीच्या आहेत. उंचावर ठेवलेल्या भागातील स्थितिज ऊर्जा किंचित स्पर्शाने मोकळी होते व पुढील भाग हलविण्यापुरती गती देते. प्रेक्षकाला सर्वांत बुचकळ्यात टाकणारे दृश्य टायरांचे आहे : ते उतरणीवर आपोआप चढताना दिसतात. टायरांच्या आत एका बाजूस वजने बसवून ती बाजू वर येईल अशा रीतीने ते तोलून ठेवले होते. धक्का लागताच वजनाची बाजू खाली येऊ लागते. टायर चढत असला, तरी त्याचा गुरुत्वमध्य खालीच येत असतो, त्यामुळे निसर्गनियमाचा भंग होत नाही. सुटे काढलेले वायपर जमिनीवर सरपटत जातात, ते मात्र स्वतःच्या विद्युत् चलित्राच्या बळावर.

अशा साखळीची खरी अडचण तिच्या लांबीत असते. प्रत्येक क्रिया शंभरांपैकी ९५ वेळा बिनचूक होते असे धरले, तरी ४० क्रियांची साखळी सलग पार पडण्याची शक्यता शंभरात १३ एवढीच उरते. हेच प्रमाण ९० वर आले, तर ती शंभरात दीडच्या आसपास येते. त्यामुळे ६०६ वेळा चित्रीकरण करावे लागल्याचा जो आकडा वृत्तपत्रांतून पसरला, तो लोकांना सहज पटला.

तथापि हा एकसंध वाटणारा जाहिरातपट दोन तुकड्यांचा आहे. प्रत्येकी सुमारे एक मिनिटाची दोन दृश्ये वेगवेगळी चित्रित करून, सायलेन्सर जमिनीवरून घरंगळत जातो त्या ठिकाणी, ती संगणकाच्या साहाय्याने जोडण्यात आली. अनेक प्रेक्षकांनी सारेच संगणकाने केले असावे असा तर्क केला, तर ते खरे असल्याचे कळल्यावर काहींना तो एकच जोडही खटकला. हा आक्षेप फारसा सयुक्तिक नाही. यंत्ररचना दोन्ही भागांत खरोखरच चालली होती. जोडामुळे लपते ती केवळ जागेची अडचण.

अधिक गंभीर आक्षेप मौलिकतेविषयीचा होता. क्षुल्लक कामासाठी अवाढव्य यंत्रणा रचण्याची कल्पना जुनीच असून अमेरिकेत रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) व इंग्लंडमध्ये हीथ रॉबिन्सन (१८७२–१९४४) यांच्या व्यंगचित्रांमुळे ती घरोघर पोहोचली होती. परंतु पेटर फिश्ली आणि डाव्हिड व्हाइस या स्विस कलावंतांनी १९८७ साली ‘डेर लाउफ डेर डिंगे’ (‘वस्तूंची वाटचाल’) हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट केला होता. झुरिकमधील एका गोदामात टायर, फळ्या, किटल्या, आग, फेस व रसायने यांची अशीच साखळी त्यांनी चालविली होती. जाहिरातीसाठी तो वापरू देण्यास त्यांनी पूर्वीच नकार दिला होता. ‘कॉग’ प्रसारित झाल्यावर त्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. जाहिरातसंस्थेने तो चित्रपट पाहिल्याचे नाकारले नाही. स्वामित्वहक्काचा कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या विशिष्ट आविष्काराला देतो. मात्र कायद्याच्या चौकटीबाहेरही ऋणाचा प्रश्न उरतोच. दोन्हींच्या वृत्तीत अंतर आहे, हेही खरे : स्विस चित्रपटात वस्तू जळतात, सांडतात, डळमळत राहतात व सर्व काही कोसळेल अशी धास्ती वाटते, जाहिरातपटात तीच धास्ती निर्दोष कारागिरीची ग्वाही म्हणून वापरली आहे. अखेरचे निवेदन अमेरिकन लेखक गॅरिसन कीलर यांचे असून त्याचा आशयही तोच आहे.

२००३ च्या कान जाहिरात महोत्सवात ‘कॉग’ला सुवर्णसिंह मिळाला. तेथील सर्वोच्च पारितोषिक मात्र आयकिया या फर्निचरविक्रेत्या कंपनीच्या ‘लॅम्प’ या जाहिरातपटास देण्यात आले. स्पाइक जोन्झ यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या जाहिरातपटात पावसात रस्त्याकडेला टाकून दिलेला एक जुना दिवा दिसतो आणि यांत्रिक करामत मुळीच नाही.